बाटलीचं टोपण

कानाला हेडफोन लावून नेरीस बागेत धातू शोधायचं यंत्र फिरवत होती आणि बाकावरचा म्हातारा एमलिन सकाळपासून तिच्यावर डोळे वटारून बसला होता. ओकच्या झाडाखाली यंत्र वाजलं. तिने सुरीने हिरवळीचा तुकडा झाकणासारखा उचलला. खाली कुत्र्याच्या गळ्यातला नाव कोरलेला पितळी बिल्ला होता, कुजका पट्टा आणि हाडं. बागेत कुत्रा पुरायला बंदी, म्हणजे कुणीतरी चोरून पुरलेला. तिने बिल्ला होता तिथेच ठेवला, माती लोटली, गवत दाबून बसवलं आणि वर पाणी शिंपडलं.

"काय घबाड लागलं गं?" म्हातारा खेकसला.

"कसलं घबाड, आजोबा. बिअरच्या बाटलीचं टोपण."

"थापा मारू नकोस. टोपणं तू कमरेच्या पिशवीत टाकतेस. सकाळपासून बघतोय मी."

नेरीसने यंत्र बंद केलं. हा आता उकरून बघणार आणि नगरपालिकेत चुगली करणार, असं तिला वाटलं.

म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. "नाव वाचता येतंय का अजून?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. "येतंय. मॉस."

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. "घरात त्याला हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नाही."