आभाराचं पान

मोबाइलवरून उघडणारं कुलूप हा तिचा प्रोजेक्ट. महिनाभर ती घरी आईसमोर सादरीकरणाची तालीम करत होती आणि आईचं शिवणयंत्रावरून मान वर न करता एकच पालुपद, "आणि लाइट गेली तर?"

"आई, तुला यातलं काही कळत नाही," असं ती दर वेळी म्हणायची. शेवटी कटकट नको म्हणून तिने आत एक बॅटरी बसवली.

आज बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सरळ प्लगच उपटला. तिने भीतभीतच मोबाइलवर बोट ठेवलं. कुलूप खट्कन उघडलं.

"छान. हे कुणी सुचवलं?"

तिने हात पुढे केला. "सर, रिपोर्ट जरा परत देता? आभाराच्या पानावर प्रयोगशाळेतल्या शिपायापर्यंत सगळे आहेत, एकच नाव राहिलंय."