चमचाभर भुकटी

२०२२ साली सांगलीच्या कॉलेजातली पल्लवी शतावरीवर प्रबंध लिहायला आटपाडीच्या माळावर आली, तेव्हा धोंडुबाईनंच तिला वेल दाखवले. “बाळंतिणीच्या दुधाला लय गुणाची हाय. पर निम्म्या मुळ्या वेलाला ठेव, बाय.”

पल्लवीनं चमचाभर भुकटीसाठी सगळा माळ उकरला.

वर्षानं धोंडुबाईची सून बाळंत झाली. तिला दूध उतरेना, शेळीचं बाळाला पचेना, दुकानातले डबे परवडेनात आणि माळावर नुसते खड्डे. धोंडुबाई एसटीनं सांगलीला गेली.

“चिमूटभर तरी दे, बाय.”

“आज्जी, ती सगळी उंदरांना पाजली.”

पुढं पल्लवी डॉक्टर झाली. नात बाविसाव्या दिवशी गेली.



उंदरांची तब्येत उत्तम राहिली, असं प्रबंधात लिहिलं आहे.