फळ्यावरच्या दोन पट्ट्या

बेसबॉल क्लबाच्या ऑफिसात लिंडने भिंतीवरच्या फळ्यावरून दोन पट्ट्या काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. बोटभर लांबीच्या, मागे लोहचुंबक लावलेल्या. एकीवर 'हॅकनी' लिहिलेलं होतं, दुसरीवर 'रोसारिओ'.

"यांतली एक जाणार, डेल," तो म्हणाला. "पश्चिमेकडचा क्लब आपल्याला त्यांचा सेंटर फील्डर देतोय. बदल्यात पिचर द्या नाहीतर कॅचर द्या म्हणतात. उद्या दुपारपर्यंत सांगायचंय."

डेल हॅकनीने आपलं नाव उलटं वाचलं. पंधरा वर्षं कॅचर म्हणून, पिचरने फेकलेले चेंडू झेलत, उकिडवं बसून त्याच्या गुडघ्यांचा भुगा झाला होता. या क्लबात येऊन मात्र चारच वर्षं झाली होती. एका क्लबात पाच वर्षं भरली, की जुन्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय कुणी हलवू शकत नाही, असा नियम आहे. डेलला आणखी एक सीझन हवा होता. फक्त एक. त्याची मुलगी कोरा चौथ्या शाळेत होती, आणि तिला जन्मात पहिल्यांदा मैत्रिणी मिळाल्या होत्या. आता हलायचं नाही, असं त्याने तिला शब्द देऊन सांगितलं होतं.

"कालच तू नवा कॅचर घेतलास," डेल म्हणाला.

"घेतला. म्हणून तर तुझी पट्टी इथे आहे." लिंडला आडपडदा माहीतच नव्हता. तो चौतिशीचा होता, जन्मात कधी बॅट धरली नव्हती, आणि टीममध्ये कोण राहणार नि कोण जाणार हे तोच ठरवायचा. "पण आधी मला एल्पिडिओ रोसारिओचं सांग. पिचरचा हात कॅचरइतका डॉक्टरलाही कळत नाही. कसा आहे?"

हात सोन्यासारखा होता. चार वर्षं तो चेंडू डेलच्या पंजात येऊन आदळत होता आणि पंजा अजून झिणझिणत होता. एल्पिडिओ रोसारिओ चोवीस वर्षांचा, बेटावरून एकटाच आलेला. दर रविवारी तो डेलच्या घरी जेवायला यायचा, कोराला स्पॅनिश शिकवायचा आणि डेलला 'म्हातारबा' म्हणून चिडवायचा.

खिडकीबाहेर मैदान बर्फाखाली गाडलं गेलं होतं. डेलने हिशेब मांडला, आणि तो त्याला सरळ वाटला. चांगला हात कोण सोडतं? हात चांगला म्हटलं, की पोरगा राहणार नि आपण जाणार. नासका आंबा माणूस आधी दुसऱ्याच्या टोपलीत टाकतो. डेलला स्वतःला तरुणपणी असंच एका क्लबाने दुसऱ्याच्या गळ्यात मारलं होतं, फाटक्या गुडघ्यासकट.

ऑगस्टमध्ये एकदा, लांबलेल्या सामन्यानंतर, एल्पिडिओ म्हणाला होता, "जरा चेप की, म्हातारबा, अवघडलाय." सकाळी तो पुन्हा बागडत होता. तेवढंच. पण जिभेला हाड नसतं.

"कोपर गेलंय त्याचं," डेल म्हणाला. "ऑगस्टपासून दुखतंय. डॉक्टरला सांगू नकोस म्हणून माझे पाय धरले होते."

बोलून झाल्यावर त्याला स्वतःची किळस आली. पण डोळ्यांसमोर कोरा होती, म्हणून त्याने मान वर ठेवली.

लिंडने रोसारिओची पट्टी उचलली, उठला आणि फळ्यावर होती तिथेच चिकटवून टाकली.

"हे काय करतोस?" डेलने विचारलं.

"मग काय करू? दुखणं लपवून माणूस पाठवायचे दिवस गेले, बाबा. आता सगळे वैद्यकीय कागद समोरच्याला दाखवावे लागतात. मागच्या हिवाळ्यात माझ्यासारख्या एकाने लपवलं, तर त्याला वर्षभर घरी बसवलं. पेपर वाचतोस ना?" लिंड कपाळ चोळत होता. "तपासायचं म्हटलं तर दोन आठवडे जातील. माझ्याकडे उद्या दुपारपर्यंतचा वेळ आहे. वाचवलंस मला, डेल."

टेबलावर आता एकच पट्टी उरली होती.

डेल ताडकन उठला, गुडघे कडाडले. "लिंड, ऐक. मी खोटं बोललो. काही झालेलं नाही त्याला. ठणठणीत आहे त्याचा हात, आईशप्पथ!"

"बस खाली."

"अरे, खोटं बोललो म्हणतोय ना मी!"

"कळतंय मला." लिंड पहिल्यांदाच मायेने हसला. "आत्ता खरं बोलून गेलास, आणि आता मित्राला सांभाळून घेतोयस. माझ्या या खुर्चीसमोर असली माणसं रोज बसत नाहीत."

त्याने फोन उचलला, पश्चिमेकडच्या क्लबाचा नंबर फिरवला आणि कॅचर पाठवतोय एवढंच सांगितलं. पलीकडून होकार आला. मग त्याने हॅकनीची पट्टी आडव्या हाताने खणात सारली.

"तुम्ही दोघे एकाच मातीचे आहात," तो म्हणाला. "तोही सकाळी इथेच बसला होता. म्हणाला, मला पाठवा, पण म्हातारबाला हलवू नका, कोराची शाळा सुटेल. हाताची खात्री तेवढी तुझ्याकडून करून घ्यायची होती, बाकी मी त्याला हो म्हणालो होतो."