चौकोनांचं पत्र

"जुनो ब्राउझर काढूक व्हयो," कुडाळला कॉम्प्युटर शिकणारी वर्षाली म्हणाली. "तो असताना मराठी दिसाचा नाय."

"आणि काढल्यार कॉम्प्युटरच बंद पडलो तर?" दाजींनी विचारलं.

"पडात पण. लय जुनो आसा."

दाजींनी कृष्णाबाईंकडे पाहिलं. त्यांनी माशांची पाटी दाराबाहेर ठेवली होती, नळावर कोपरापर्यंत हात धुतले होते आणि बाकाच्या टोकाला येऊन बसल्या होत्या. आठ दिवस त्या बाजार उठला की अशाच येऊन बसत होत्या.

मालवणच्या बाजारात दाजींचं फोन बूथ होतं आणि बूथात हा एक कॉम्प्युटर. नवऱ्याबरोबर मस्कतला राहणारी, तिथल्या इस्पितळात नर्स असलेली कृष्णाबाईंची लेक संचिता दोन वर्षं त्याच्यावर पत्र पाठवायची, इंग्रजी अक्षरांत. दाजी ते वाचून दाखवायचे. आवाज खणखणीत, त्यामुळे फोनसाठी थांबलेल्या चारचौघांनाही मस्कतची खबर मिळायची. त्याबद्दल दाजींनी कधी काही घेतलं नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी पत्र आलं ते नुसते चौकोन. ओळीखाली ओळ, सगळे रिकामे.

"परत इंग्लिशीत लिव म्हणान कळवतंय तिका," दाजी तेव्हाच म्हणाले होते. आज पुन्हा म्हणाले. "ह्या चेडवाक कित्याक तरास? मी वाचून दाखवतंय मां?"

"दाखवतास. देव बरा करो तुमचा," कृष्णाबाई म्हणाल्या. "पण माका इंग्लिश येणा नाय, मराठी येता. तिना मराठीत लिवल्यान, म्हणजे माका वाचूक लिवल्यान."

साक्षरतेच्या वर्गात पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी अक्षरं गिरवली होती. बाराखडी पक्की होती. जोडाक्षर आलं की अजून अडखळायच्या.

दाजींनी कॉम्प्युटरसमोरची खुर्ची वर्षालीकडे सरकवली. मग म्हणाले, "काढ तो ब्राउझर."

वर्षालीनं कुडाळहून आणलेली सीडी आत सरकवली. जागा पुरेना म्हणून दाजींच्या नातवाचे दोन गेम पुसले. निळी पट्टी निम्म्यावर येऊन थांबली. बराच वेळ थांबली. पुढे सरकली. कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला. फोनच्या तारेवरून कुईकुई आवाज करत इंटरनेट लागलं आणि वर्षालीनं पत्र उघडलं.

चौकोन गेले होते. अक्षरं आली होती, पण मोडकी. वेलांट्या आपलं अक्षर सोडून भलत्याच अक्षराला चिकटल्या होत्या. तरी वरची ओळ धड होती. दाजींनी सवयीनं चष्मा वर सारला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"आये, हे तूच वाच. दाजींना..."

ते थांबले. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

"मी जरा चाय सांगून येतंय," दाजी म्हणाले आणि चपला न घालताच बाहेर गेले.

वर्षालीनं पत्र मिटलं. सीडीतून मराठीचा फॉन्ट पुन्हा घातला, आणखी एक फाईल बदलली, मशीन परत चालू केली. या वेळी पत्र उघडताच ती उठून उभी राहिली. वेलांट्या जागेवर आहेत एवढं तिनं लांबूनच पाहिलं.

"मावशी, हयसर बसा. खाली जाऊक हो बाण दाबायचो," ती म्हणाली आणि दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

कृष्णाबाईंनी पदराला बोट पुसलं, काचेवर टेकवलं आणि वाचायला लागल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

'आये, हे तूच वाच. दाजींना वाचायला देऊ नको. मागे एकदा पोटात मूल होतं, ते गेलं. तुला सांगता आलं नाही. फोनवर सगळे ऐकतात. आता परत दिवस आहेत. चौथा महिना लागला. आम्ही...'

इथे त्या अडल्या. म्ही. बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. पूर्ण पत्रात संचितानं तेवढं एकच जोडाक्षर ठेवलं होतं.

'आम्ही दोघं बरी आहोत. अजून कुणाला बोलू नको.'

पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. गेलेल्या मुलाची ओळ आली की बोट जरा जास्त वेळ तिथं राहायचं.

त्या उठल्या. दाराशी जाऊन त्यांनी वर्षालीच्या गालावरून हात फिरवला, पाटीतल्या फडक्याखालून घरासाठी ठेवलेला सरंगा काढला आणि तिच्या हातात दिला.

"मावशी, आज सोमवार."

"मगे मीठ लावन ठेव. उद्या खा."

दाजी तीन ग्लास घेऊन आले. त्यांनी काय लिवल्यान म्हणून विचारलं नाही. ग्लास टेबलावर ठेवले.

"दाजी," कृष्णाबाई म्हणाल्या, "तुमी दोन वर्षां वाचलात म्हणान माजी लेक माका लांब वाटली नाय. आता मस्कताक फोन लावा."

दाजींनी नंबर फिरवला, रिंग ऐकली आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. मग वर्षालीला घेऊन बाहेर आले आणि बूथाचं काचेचं दार लावून घेतलं. ते दार फुगून कायम अर्धं उघडं असायचं. त्यांनी खांदा लावून ते पुरतं बसवलं आणि थांबलेल्या दोघांना चहाच्या टपरीवर पाठवलं.

"हॅलो?" पलीकडून संचिता म्हणाली. "कोण?"

"मी वाचलंय गो," कृष्णाबाई म्हणाल्या.