पूल तुटतो ते पान

बायको एकशे बाराव्या पानावर आली आणि नाना सावध झाले.

ते समोर पेपर धरून बसले होते, पण वाचत होते तिचा चेहरा. एकशे बाराव्या पानावर दोरांचा पूल तुटतो. तस्करांना चुकवत नर्स आणि जंगलरक्षक रान तुडवत तिथवर आलेले असतात. देवावरचा विश्वास उडालेली ती नर्स तिथे पहिल्यांदा हात जोडते, आणि तिथेच तिला जंगलरक्षकावरचं प्रेमही कळून चुकतं. बायकोने ही कादंबरी आधीच वाचलेली होती, एका बैठकीत. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी उठली नव्हती.

"अगंबाई," ती पुटपुटली. तिने तोंडावर हात ठेवला.

नानांचा जीव तुटला. म्हणजे तिला आठवत नव्हतं.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून विसरण्याच्या आजाराबद्दल सांगितलं, तेव्हाच नानांनी ठरवलं होतं, खात्री आपण करायची. चाळीस वर्षं बाइंडिंग केलेला माणूस. काल त्यांनी कादंबरीचं कव्हर आणि नावाचं पान उसवून काढलं, नवा पुठ्ठा चढवला, त्यावर भलतंच नाव घातलं आणि नवं पुस्तक म्हणून तिच्या हातात ठेवलं. 'हे वाचलंय की मी,' एवढं ती म्हणाली की झालं. मग डॉक्टर गेले उडत.

आणि ते आजच व्हायला हवं होतं. संध्याकाळी मुलगी येणार होती, दोघांनी यापुढे इथे एकटं राहायचं की नाही ते ठरवायला.

तसं घरात दिसतच होतं म्हणा. बायकोने कपाटांवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या: इथे कात्री, इथे चष्मा. बिचारी. परवा आणलेली गोंदाची बाटली तळाला गेली होती; तीच कुठेतरी सांडत असणार. नाना तिला एका शब्दाने बोलले नव्हते.

ती भराभर पानं उलटत होती. नदी झाली, गुहा झाली. शेवटी तिने डोळे पुसले आणि पुस्तक मिटलं.

"कसं वाटलं?" नानांनी आवाज जमेल तितका साधा ठेवला.

"छानच. पुलापाशी तर माझा श्वासच अडकला."

"आधी कधी वाचल्यासारखं नाही ना वाटलं?"

तिने नव्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत त्यांच्याकडे बघितलं. नानांना वाटलं, आता म्हणेल.

"छे," ती म्हणाली. "कुठून शोधून आणता हो अशी पुस्तकं?"

तेवढ्यात बेल वाजली. मुलीला यातलं काही सांगायचं नाही, असं नानांनी मनाशी पक्कं केलं. पाणी आणतो म्हणून ते स्वयंपाकघरात गेले, नळ पूर्ण सोडला आणि तोंड धुऊन घेतलं. बाहेरचं त्यांना काही ऐकू आलं नाही.

बाहेर मुलीने ते पुस्तक चाळून पाहिलं आणि आईकडे बघितलं. "पुन्हा तेच?"

"चौदाव्यांदा बांधून दिलंय त्यांनी," आई हळूच म्हणाली. "वाचलंय म्हणून अगदी ओठावर येतं गं. पण तसं म्हटलं, तर विसरतंय ते मी नाही, तेच, हे त्यांना कळेल."