जुना सेन्सर

धोंडिराम वारल्यापासून त्याची जुनी पिकअप चालू करताना हुबेहूब त्याच्यासारखी खोकायची. मीनाबाई बोनेटवर हात आपटायची, "जित्तेपणी झोपू दिलं न्हाय, आता बी खोकताय व्हय!"

शेवटी तिनं लेकाला गाडी होटगी रोडच्या गॅरेजात न्यायला लावली, स्वतःही गेली.

"मावशी, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. बदलला की खोकला बंद," यशपाल मिस्त्री म्हणाला.

"बदल. पण जुना माझ्या हातात दे. न्हायतर नवा घातलास कशावरनं? मला येडी समजू नगंस."

गाडी खरंच गप झाली. घरी येऊन मीनाबाईनं काजळलेला सेन्सर ओट्यावर ठेवला आणि कितीतरी दिवसांनी निवांत मनानं चहाचं आधण ठेवलं.

ओट्यावरून खोकला आला.

"मीने, माझा बी टाक की."