पोस्टरवरचा चेहरा

नाना अडुसेई पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि मगच येण्याचं कारण सांगितलं. शनिवारी क्वासीचं दफन. आज पोस्टर छापायला टाकायचं, त्यासाठी मयताचा फोटो हवा. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून सेर्वापुढे धरला.

सेर्वा क्वासीची थोरली मुलगी. तिने तो उजव्या हाताने अदबीने घेतला, पण कॉम्प्युटरला लावला नाही.

"यात काय आहे, नाना?"

"माझा फोटो. घराण्याचा प्रमुख म्हणून खाली छापायचाय. छापखान्यातच घालून घेतला."

"मग आधी तपासते. छापखान्यांतून व्हायरस फार येतात. पप्पांचे सगळे फोटो या कॉम्प्युटरातच आहेत."

खरंच सगळे त्यातच होते. लग्नाच्या अल्बमला वाळवी लागली तेव्हा क्वासीने एकेक फोटो कॉम्प्युटरवर चढवला होता आणि म्हणाला होता, आता खा म्हणावं. त्याचा कॅमेरा आणि फोन लॉरीच्या अपघातात त्याच्याबरोबरच गेले.

नाना हसले. ज्याच्या घरचं कुणी गेलेलं नसतं त्याला मयताच्या घरीही हसू येतं.

"घरातल्या कॉम्प्युटरला कसला आलाय पहारा? ही काय बँक आहे? तुमचे बारशाचे फोटो चोरायला कोण येणारे?"

"चोरायला नाही, नाना, पण..."

"मी आत्ता तुझ्या हातचं पाणी प्यायलो ना? आधी हुंगून पाहिलं का?"

सेर्वा पेन ड्राइव्ह हातात फिरवत राहिली.

दाराजवळ चटईवर तिची आई अकुआ काळ्या कपड्यात बसली होती. नानांनी होकार दिल्याशिवाय शवागारातून क्वासी बाहेर येणार नाही, हे ती जाणून होती.

"लाव तो," ती म्हणाली.

"आई, थोडाच वेळ लागेल गं."

"थोरल्यांच्या हातचं कुणी तपासून घेतं का? हेच शिकवलं तुला? लाव."

सेर्वाने लावला. स्क्रीनवर लाल चौकट आली. सुरक्षेचा प्रोग्राम पेन ड्राइव्ह उघडू देत नव्हता.

"आता हे कोण आडवं आलं?" नानांनी विचारलं.

आईने नुसतं सेर्वाकडे पाहिलं. सेर्वाने प्रोग्राम बंद केला.

नानांचा फोटो झकास उघडला. जरा मान वर करून, हसरा. मग सेर्वाने पप्पांचे फोटो उघडायला घेतले. पहिला उघडेना. दुसराही नाही. ती खाली खाली जात राहिली. जिथे छोटी छोटी चित्रं दिसायची तिथे आता नुसत्या पांढऱ्या चौकोनांच्या रांगा होत्या, आणि तिच्या डोळ्यांदेखत उरलेलीही एकेक पांढरी पडत होती. तिने वायर उपटली तोवर उशीर झाला होता.

अकुआ उठून जवळ आली. विझलेल्या पडद्यावर तिने बोट ठेवलं.

"कुठे गेला?"

सेर्वाच्या हातात अजून उपटलेली वायर होती.

"तुमचं मशीनच जुनाट," नाना म्हणाले आणि पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला.

नातलगांकडे विचारून झालं. पण फोटो काढायचा तो क्वासीच, त्यामुळे त्यांच्या फोटोंत तो कुठेच नव्हता. मतदार कार्डावरचा फोटो मोठा केला तर करडा डाग तेवढा दिसला. नानांनी तो काढायला लावला. घराण्याची शोभा होते म्हणाले.

शनिवारी मंडपाच्या तोंडाशी पोस्टर लागलं. वर क्वासीचं नाव, त्याखाली एक क्रूस, आणि खाली, चांगला ठसठशीत, नानांचा चेहरा. खुद्द नाना आत खुर्च्या मांडणाऱ्यांवर खेकसत होते.

टेचिमानहून चर्चच्या बायकांबरोबर एक म्हातारी आली होती. तिने क्वासीला कधी पाहिलेलं नव्हतं. ती पोस्टरसमोर थांबली आणि तिने डोळ्यांना कापड लावलं.

"किती प्रसन्न चेहरा," ती अकुआला म्हणाली. "हेच गेले का गं?"

"नाही, मावशी," अकुआ म्हणाली. "यांना काहीसुद्धा झालेलं नाही."